मॉड कंपाइल होत नाहीये? सोर्स फोल्डर आणि बिल्डविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाच-सहा मुलंमुली लॅपटॉप घेऊन बसतात. कुणी आठवीतलं, कुणी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं. सगळ्यांना माइनक्राफ्ट या गेमचा स्वतःचा मॉड, म्हणजे गेममध्ये नव्या गोष्टी घालणारा जोड-प्रोग्रॅम, करायचाय. आमचा सगळ्यांचा मिळून एक मॉड चालू आहे, 'द्राक्षमळा'. त्यात मांडव आहे, वेल आहे, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी आहे. कात्री दोन्ही वेळा चालवली नाही तर वेलीला घड लागत नाहीत. माझं माहेर निफाडकडचं, त्यामुळे यात मी जरा हट्टी आहे.

मुलं अडकतात ती बहुतेक वेळा कोडमध्ये नाही. फाइल भलत्या जागी असते, नाहीतर कंपाइल करणारा, म्हणजे लिहिलेला कोड गेमला चालेल अशा रूपात बदलणारा, जावा भलताच असतो. तेच तेच प्रश्न दर रविवारी येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतेय.

वाचण्याआधी दोन गोष्टी. हे सगळं माइनक्राफ्टच्या जावा एडिशनबद्दल आहे. मोबाइलवरच्या बेडरॉक एडिशनचे अ‍ॅड-ऑन कंपाइल करावे लागत नाहीत, तिथली भानगड वेगळी. आणि फाइलींची, कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची. 'डॉट' म्हणजे टिंब आणि 'स्लॅश' म्हणजे फोल्डरच्या आतला फोल्डर.

ताई, बिल्ड फेल झालं. लाल अक्षरांची दोन पानं आली आहेत. वाचायचं कुठून?

वरून. सगळी मुलं शेवटची ओळ वाचतात, कारण स्क्रीन तिथे येऊन थांबलेली असते. तिथे 'बिल्ड फेल्ड' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यातून काही कळत नाही. वर सरकत जा आणि पहिली 'एरर' ओळ शोधा. त्या ओळीत फाइलचं नाव असतं, नावापुढे ओळीचा आकडा असतो. एक अर्धविराम सुटला तर खाली चाळीस एरर उभ्या राहतात. पहिली दुरुस्त केली की उरलेल्या आपोआप जातात, म्हणून एका वेळी एकच, पहिली एरर दुरुस्त करायची आणि पुन्हा बिल्ड करायचं.

फाइलचं नाव कुठेच नसेल, तर 'व्हॉट वेंट राँग' हे शब्द शोधा. ग्रेडल, म्हणजे कोड कंपाइल करून मॉड बांधून देणारा प्रोग्रॅम, आपलं गाऱ्हाणं त्याच्याखाली मांडतो. तिथे 'कंपाइल जावा' या टास्कचं नाव असेल तर चूक तुमच्या कोडमध्ये. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' असेल तर नेटची किंवा डाउनलोडची अडचण. 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन' असेल तर जावा चुकलाय. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

कोणता जावा टाकायचा? प्रत्येक व्हिडिओत वेगळाच सांगतात.

सांगणारे बहुतेक बरोबरच असतात, फक्त प्रत्येक जण गेमच्या वेगळ्या आवृत्तीबद्दल बोलत असतो. गेमची आवृत्ती आधी ठरवा, जावा त्यावरून ठरतो. १.१६.५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना जावा ८ लागतो, १.१७ ला जावा १६. १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७, १.२०.५ पासून १.२१.११ पर्यंत जावा २१ आणि त्यानंतरच्या २६.१ पासून जावा २५.

'नवीन आहे म्हणजे चांगलाच असणार' हा हिशेब इथे लागू होत नाही. १.१२.२ चा जुना प्रोजेक्ट जावा २१ वर उघडला तर पहिल्याच पायरीला बंद पडेल.

आणखी एक बघा, टाकलाय तो जेडीके आहे ना? फक्त गेम चालवायला जेआरई पुरतो, पण कंपाइलर जेडीकेमध्येच असतो. टर्मिनलमध्ये 'जावासी' ही कमांड व्हर्जन विचारून चालवा. 'अशी कमांड नाही' असं आलं तर एकतर जेडीके टाकलेलाच नाही, नाहीतर तो पाथमध्ये, म्हणजे संगणक कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, नाही. आम्ही अ‍ॅडॉप्टियमचा टेमुरिन वापरतो. फुकट आहे आणि हव्या त्या सगळ्या आवृत्त्या मिळतात. ६४ बिटवालाच घ्या. ३२ बिट जावा दोन-तीन जीबी मेमरी मागितली की 'हीपसाठी जागा राखता येत नाही' म्हणत थांबतो.

जावा १७ टाकला, तरी एररमध्ये मेजर व्हर्जन ६५ का येतंय?

हा आकडा ओळखायला शिका, फार उपयोगाचा आहे. जावा ८ चा ५२, १६ चा ६०, १७ चा ६१ आणि २१ चा ६५. म्हणजे ६५ दिसला की कुठेतरी जावा २१ चालू आहे आणि समोरच्याला तो समजत नाहीये. समोरचा म्हणजे बहुतेक वेळा ग्रेडल. ग्रेडल ७.३ च्या आधीच्या आवृत्त्या जावा १७ वर चालत नाहीत आणि ८.५ च्या आधीच्या जावा २१ वर चालत नाहीत.

इथे गोंधळ होतो, कारण एकाच मशीनवर तीन ठिकाणी जावा ठरत असतो. टर्मिनल 'जावा होम' आणि पाथ बघतं. इंटेलिजेमध्ये, म्हणजे आपण कोड लिहितो त्या एडिटरमध्ये, प्रोजेक्ट एसडीके वेगळा आणि सेटिंग्जमध्ये ग्रेडलसाठीचा 'ग्रेडल जेव्हीएम' वेगळा. शिवाय बिल्ड डॉट ग्रेडल या ग्रेडलच्या सूचनांच्या फाइलमध्ये टूलचेन लिहिलेली असते, ती फक्त तुमचा कोड कोणत्या जावाने कंपाइल करायचा ते सांगते. ग्रेडल स्वतः कशावर चालणार ते टूलचेन ठरवत नाही. मुलं प्रोजेक्ट एसडीके बदलतात आणि ग्रेडल जेव्हीएम तसाच राहतो. सातपूरहून येणाऱ्या एका मुलाचे याच्यात दोन रविवार गेले. त्याने सगळं बरोबर केलं होतं, फक्त हा एक ड्रॉपडाउन राहिला होता.

खात्री करायला प्रोजेक्टच्या फोल्डरमधून ग्रेडलडब्ल्यू (प्रोजेक्टसोबत येणारी, ग्रेडल चालवणारी फाइल), पुढे दोन आडव्या रेघा आणि 'व्हर्जन' अशी कमांड द्या. ग्रेडलची आवृत्ती आणि तो कोणत्या जावावर चालतोय, दोन्ही दिसतं. जावा बदलल्यावर ग्रेडलडब्ल्यूला 'स्टॉप' सांगायचं, त्याच्याही आधी दोन आडव्या रेघा. नाहीतर मागे चालू असलेली जुनी प्रक्रिया तशीच राहते आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी खात बसते.

ग्रेडलडब्ल्यू टाइप केलं तर 'ओळखता येत नाही' असं येतं.

पॉवरशेलमध्ये आधी टिंब आणि उलटा स्लॅश लावून मग ग्रेडलडब्ल्यू लिहायचं. लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' आलं तर त्या फाइलला चालवण्याची परवानगी द्या, सीएचमॉड आणि अधिक एक्स. दोन्ही करून चालत नसेल तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये उभे आहात. पुढचा प्रश्न वाचा.

एमडीके उघडला, पण 'या फोल्डरमध्ये ग्रेडल बिल्ड नाही' असं सांगतोय.

एमडीके म्हणजे मॉड सुरू करायला मिळणारा तयार प्रोजेक्ट, तो झिपमध्ये येतो. ती झिप उघडताना विंडोज त्याच नावाचं एक फोल्डर बनवतं, आणि बऱ्याचदा झिपच्या आतही एक फोल्डर असतं. मग द्राक्षमळाच्या आत आणखी एक द्राक्षमळा होतो. तुम्ही बाहेरचा उघडलेला असतो आणि सगळा माल आतल्यात. ज्या फोल्डरमध्ये बिल्ड डॉट ग्रेडल, सेटिंग्ज डॉट ग्रेडल आणि ग्रेडलडब्ल्यू समोर दिसतात, तेच प्रोजेक्टचं मूळ फोल्डर. इंटेलिजेमध्ये, एक्लिप्समध्ये, टर्मिनलमध्ये सगळीकडे तेच उघडायचं.

झिपवर डबल क्लिक करून आतल्या आत काम सुरू केलेलं नाही ना, तेही बघा. आणि फोर्जच्या (मॉड गेममध्ये चालवणाऱ्या लोडरच्या) पानावर इन्स्टॉलर आणि एमडीके अशी दोन बटणं असतात. इन्स्टॉलर गेम खेळणाऱ्यांसाठी असतो, आपल्याला एमडीके हवा.

सोर्स फोल्डरमध्ये नेमकं काय कुठे ठेवायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूळ फोल्डरमध्ये एसआरसी, त्याच्या आत मेन आणि मेनच्या आत दोन घरं, 'जावा' आणि 'रिसोर्सेस'. जावा या फोल्डरमध्ये फक्त जावाच्या फाइली ठेवायच्या. चित्रं, जेसन (माहिती लिहायच्या साध्या मजकुराच्या फाइली), भाषेच्या फाइली, मॉडची ओळख सांगणारी फाइल हे सगळं रिसोर्सेसमध्ये जातं. जावा फोल्डरमध्ये ठेवलेलं चित्र जारमध्ये (तयार मॉडच्या फाइलमध्ये) जात नाही आणि रिसोर्सेसमध्ये ठेवलेली जावा फाइल कंपाइल होत नाही. दोन्ही वेळा ग्रेडल काही बोलत नाही. बिल्ड यशस्वी होतं आणि गेममध्ये मात्र काही दिसत नाही. मुलं सगळ्यात जास्त हताश होतात ती इथे, कारण एररच नसते तर शोधायचं काय?

मॉडची ओळख सांगणारी फाइल लोडरप्रमाणे बदलते. फोर्जला मेटा-आयएनएफ फोल्डरमध्ये मॉड्स डॉट टॉमल लागते. निओफोर्ज २०२३ मध्ये फोर्जमधून वेगळा झाला. त्याला १.२०.५ पासून निओफोर्ज डॉट मॉड्स डॉट टॉमल हवी. फॅब्रिकला फॅब्रिक डॉट मॉड डॉट जेसन, आणि ती कुठल्याही आतल्या फोल्डरमध्ये न ठेवता थेट रिसोर्सेसमध्ये. तिन्हींचे व्हिडिओ एकत्र बघून तयार केलेला प्रोजेक्ट मी पाहिलाय. त्यात या तिन्ही फाइली होत्या आणि एकही बरोबर जागी नव्हती. एक लोडर निवडा आणि निदान पहिल्या मॉडपुरतं त्यालाच धरून राहा.

रिसोर्सेसच्या आत पुन्हा दोन भाग. 'असेट्स'मध्ये दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टी, म्हणजे टेक्श्चर, मॉडेल, आवाज, भाषा. 'डेटा'मध्ये गेमचे नियम, म्हणजे रेसिपी, लूट टेबल, टॅग. दोन्हींच्या आत तुमच्या मॉड आयडीच्या नावाचं फोल्डर करायचं. हा आयडी छोट्या रोमन अक्षरांत लिहायचा, सुरुवात अक्षराने करायची, पुढे आकडे आणि अंडरस्कोअर चालतात. मोठं अक्षर, मधली मोकळी जागा, देवनागरी यांतलं काही चालत नाही. कोडमधला आयडी, टॉमल किंवा जेसनमधला आयडी आणि फोल्डरचं नाव ही तिन्ही अक्षरशः सारखी हवीत.

जावा फोल्डरच्या आतली फोल्डरं म्हणजे पॅकेज. फाइलच्या पहिल्या ओळीत 'पॅकेज'पुढे जे लिहिलंय, त्याच क्रमाने फोल्डरं असली पाहिजेत. आणि फाइलचं नाव तिच्यातल्या पब्लिक क्लासच्या नावाशी लहान-मोठ्या अक्षरांसकट जुळलं पाहिजे. न जुळल्यास कंपाइलर स्पष्ट सांगतो की हा क्लास अमुक नावाच्या फाइलमध्ये हवा. ती एरर फार प्रेमळ आहे, उत्तर स्वतःच देऊन टाकते.

सगळं बरोबर ठेवलंय, तरी वेलीच्या जागी जांभळा-काळा चौकटींचा ठोकळा दिसतो.

जांभळा-काळा म्हणजे गेमला टेक्श्चर सापडलं नाही. आता 'बरोबर ठेवलंय' हे इंटेलिजेमध्ये बघून ठरवू नका. विंडोजचा फाइल एक्सप्लोरर उघडा आणि तिथे बघा.

कारण असं. इंटेलिजे पॅकेज दाखवताना मधली फोल्डरं टिंबाने जोडून एका ओळीत दाखवतं. ते बघून मुलं रिसोर्सेसमध्ये नवीन डिरेक्टरी करताना 'असेट्स, टिंब, मॉड आयडी' असं एकाच दमात टाइप करतात. जावा फोल्डरमध्ये नवीन पॅकेज करताना टिंबाने खरोखर फोल्डरात फोल्डर तयार होतं. रिसोर्सेसमध्ये मात्र नावातच टिंब असलेलं एकच फोल्डर तयार होतं. इंटेलिजेमध्ये दोन्ही दिसायला जवळपास सारखी, डिस्कवर पूर्ण वेगळी. तिथे फोल्डर करताना टिंबाऐवजी स्लॅश द्या, किंवा एकेक करून बनवा. द्राक्षमळ्यात आम्ही पहिल्यांदा लावलेली वेल तीन आठवडे जांभळी होती, ती याच कारणाने.

हे नसेल तर फोल्डरचं नाव तपासा. १.१३ पासून टेक्श्चरची फोल्डरं 'ब्लॉक' आणि 'आयटम' अशी एकवचनी झाली, जुन्या व्हिडिओत ती अनेकवचनी दिसतील. १.२१ मध्ये डेटामधल्या फोल्डरांचंही तसंच झालं, 'रेसिपीज'चं 'रेसिपी', 'लूट टेबल्स'चं 'लूट टेबल'. जुनं नाव ठेवलं तर कसलीही तक्रार न करता गेम ती रेसिपी वाचतच नाही. १.२१.४ पासून प्रत्येक आयटमसाठी असेट्सच्या मॉड आयडीत 'आयटम्स' नावाच्या फोल्डरात आणखी एक जेसन लागते. ती नसेल तर हातातली वस्तू बिघडलेली दिसते आणि जमिनीवर ठेवलेला ब्लॉक व्यवस्थित असतो.

तिसरं कारण, लपलेली शेपटी. विंडोज फाइलचं एक्स्टेंशन लपवतं. तुम्हाला 'वेल डॉट पीएनजी' दिसतं आणि खरं नाव 'वेल डॉट पीएनजी डॉट पीएनजी' असतं. टॉमल फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह केली की तिच्यामागे टीएक्सटी चिकटलेलं असतं. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल एक्स्टेंशन दाखवायचा पर्याय आजच सुरू करा आणि पुन्हा कधी बंद करू नका.

'कॅनॉट फाइंड सिंबॉल' येतं. कोड तर व्हिडिओतून जसाच्या तसा उतरवला आहे.

बहुतेक तुमचा हात चुकलेला नाही. त्या व्हिडिओतली नावं वेगळ्या मॅपिंगची, म्हणजे नावांच्या वेगळ्या यादीची आहेत. माइनक्राफ्टचा कोड वर्षानुवर्षं नावं पुसून यायचा, आणि मॉड करणाऱ्यांनी त्याला आपापली नावं दिली. फॅब्रिकवाल्यांची यार्न नावाची यादी आहे. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजँगने २०१९ पासून स्वतःची अधिकृत यादीही दिली. यार्नमध्ये ज्याला 'वर्ल्ड' म्हणतात ते मोजँगच्या यादीत 'लेव्हल', 'प्लेअर एंटिटी' आहे ते नुसतं 'प्लेअर'. म्हणजे एकाच माणसाला घरी बाळासाहेब म्हणतात आणि रेशन कार्डावर दुसरंच नाव असतं, तसं.

तुमच्या बिल्ड डॉट ग्रेडलमध्ये 'मॅपिंग्ज' ही ओळ बघा आणि त्याच यादीचा, त्याच आवृत्तीचा व्हिडिओ शोधा. आवृत्तीही तितकीच महत्त्वाची आहे. १.२१ मध्ये 'रिसोर्स लोकेशन' थेट 'न्यू' लिहून बनवता येईनासा झाला, म्हणून १.२० चा कोड तिथे अडतो. तुमचं काही चुकलेलं नसतं, गेम बदललेला असतो.

हे दोन्ही जुळत असूनही एरर येत असेल, तर वर इंपोर्टच्या ओळी बघा. 'आयटम', 'ब्लॉक', 'कलर' अशी साधी नावं कितीतरी लायब्ररींमध्ये असतात आणि घाईत ऑटो-कम्प्लीटने भलतंच इंपोर्ट होतं.

'माइनक्राफ्ट डॉट क्लायंट पॅकेज अस्तित्वात नाही' म्हणतो. गेममध्ये तर ते आहे!

फॅब्रिकचा टेम्प्लेट घेतलाय ना? त्यात क्लायंटचा कोड वेगळा ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की एसआरसीच्या आत मेनच्या शेजारी 'क्लायंट' नावाचं दुसरं सोर्स फोल्डर येतं. क्लायंटमधल्या कोडला मेनमधलं सगळं दिसतं, मेनला मात्र क्लायंटमधलं काही दिसत नाही. स्क्रीन, रेंडरर, कीबोर्डची बटणं यांचा कोड क्लायंटमध्ये हलवा, एरर जाईल. ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे आणि मला ती आवडते. सर्व्हरवर स्क्रीनच नसते. तो कोड मेनमध्ये राहिला तर तुमच्या लॅपटॉपवर मॉड छान चालेल आणि मित्राच्या सर्व्हरवर सुरू होतानाच कोसळेल.

फोल्डर निळं दिसत नाहीये. 'मार्क डिरेक्टरी अ‍ॅज सोर्सेस रूट' करू का?

नको. तो उपाय पुढच्या रिलोडपर्यंतच टिकतो. इंटेलिजे फोल्डरांचे रंग बिल्ड डॉट ग्रेडल वाचून ठरवतं. रंग चुकलाय म्हणजे एकतर त्याने ती फाइल नीट वाचलेली नाही किंवा फोल्डर खरंच भलत्या जागी आहे. उजवीकडच्या ग्रेडलच्या पट्टीत रिलोडचं बटण दाबा. तरी रंग आला नाही तर डिस्कवरची रचना तपासा. हाताने रंगवलेलं फोल्डर टर्मिनलवरून बिल्ड करताना ग्रेडलला माहीतच नसतं.

खरोखर वेगळं फोल्डर जोडायचं असेल, तर बिल्ड डॉट ग्रेडलमध्ये 'सोर्स सेट्स'खाली लिहा. फोर्जमध्ये डेटा जनरेटरने तयार केलेल्या फाइलींचं 'जनरेटेड' फोल्डर असंच जोडलेलं असतं. तीच जेसन तुम्ही हातानेही लिहून रिसोर्सेसमध्ये ठेवली असेल, तर 'एंट्री डुप्लिकेट आहे' अशी एरर येते. दोनपैकी एक काढा.

सेटअप चालू असताना नेट गेलं (किंवा लाइट गेली). आता काहीच चालत नाही.

अर्धवट उतरलेली झिप कॅशेमध्ये, म्हणजे ग्रेडल उतरवलेल्या फाइली साठवतो तिथे, पडून असते आणि ग्रेडल तिलाच पूर्ण समजतो. 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' किंवा 'एरर इन ओपनिंग झिप फाइल' ही त्याची खूण. तुमच्या युजर फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं ग्रेडल नावाचं फोल्डर असतं. त्यात रॅपर, त्यात डिस्ट्स. तिथे तुमच्या ग्रेडल आवृत्तीचं एवढंच फोल्डर काढून टाका आणि पुन्हा चालवा. अख्खं डॉट ग्रेडल फोल्डर उडवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण मग सगळं पुन्हा उतरवावं लागतं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या मुलाचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो. एखादी लायब्ररी बिघडल्याचा संशय असेल तर आधी 'रिफ्रेश डिपेंडन्सीज' वापरून बघा.

एकदा सेटअप नीट झाला की 'ऑफलाइन' लावून बिल्ड करता येतं. नेट लागत नाही आणि वेगही वाढतो.

आम्ही आणखी एक करतो. ज्याच्या घरी फायबर आहे तो आधी सेटअप करतो. मग त्याच्या कॅशेमधलं 'मॉड्यूल्स-२' हे फोल्डर पेनड्राइव्हवरून बाकीच्यांना देतो. ग्रेडल ६.१ पासून हे चालतं, फक्त सगळ्यांची ग्रेडल आवृत्ती एकच हवी आणि कॉपी करण्याआधी त्यातल्या लॉक फाइली व जीसी डॉट प्रॉपर्टीज काढायच्या. या फोल्डरात लायब्ररी असतात. गेमच्या फाइली ज्याने त्याने आपापल्या उतरवायच्या.

कॉलेजच्या वायफायवर 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' येतं, घरी येत नाही.

कॉलेजचं फायरवॉल मध्ये बसून सुरक्षित जोडणी तपासतं आणि त्याचं सर्टिफिकेट जावा ओळखत नाही. सेटअप घरी किंवा हॉटस्पॉटवर करा, लॅबमध्ये ऑफलाइन बिल्ड करा. घरीच येत असेल तर अँटिव्हायरस तसंच काही करतोय का ते बघा, आणि लॅपटॉपची तारीखही बघा. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली की सर्टिफिकेट अवैध ठरतात.

कोडमध्ये मराठी लिहिलं की 'अनमॅपेबल कॅरेक्टर' येतं. मराठी लिहायचंच नाही का?

लिहा, आवर्जून लिहा. जावा भाषेला देवनागरी पूर्ण चालते. अडचण एवढीच की जावा १८ च्या आधी विंडोजवरचा कंपाइलर फाइल विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगने वाचतो. बिल्ड डॉट ग्रेडलमध्ये जावा कंपाइलच्या ऑप्शन्समध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये ती ओळ आधीच असते, आपल्या हातून उडालेली असते. एडिटरमध्ये फाइलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा.

फाइलच्या पहिल्याच अक्षरावर 'इल्लीगल कॅरेक्टर एफईएफएफ' आलं तर सुरुवातीला बॉम नावाची अदृश्य खूण बसली आहे. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासूनचं नोटपॅड ती आपणहून घालत नाही, त्याआधीचं घालतं. 'बॉमशिवाय यूटीएफ-८' निवडून सेव्ह करा.

गेममध्ये दिसणारं नाव मात्र कोडमध्ये लिहू नका. त्यासाठी असेट्समध्ये मॉड आयडीखाली 'लँग' फोल्डर आहे. ब्लॉकच्या नावाऐवजी 'ब्लॉक, टिंब, मॉड आयडी, टिंब' असं काहीतरी दिसत असेल, तर त्या फोल्डरमधल्या जेसनमध्ये ती नोंद नाही किंवा कुठेतरी स्वल्पविराम चुकलाय.

प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवला तर चालतं का?

चालतं, तोपर्यंत चालतं. बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये असतो आणि ग्रेडल फाइल लिहीत असतानाच वनड्राइव्ह ती धरून ठेवतं. मग 'फाइल डिलीट करता येत नाही' अशी एरर कधी येते, कधी येत नाही. विंडोजची पाथची लांबी सहसा २६० अक्षरांपर्यंत असते, ती मर्यादाही खोल फोल्डरांत लवकर संपते. डी ड्राइव्हवर 'मॉड्स' नावाचं फोल्डर करा, त्यात प्रोजेक्ट ठेवा.

विंडोजचं युजरनेम मराठीत असेल किंवा त्यात मोकळी जागा असेल तर काही टूल अडखळतात. युजर बदलू नका. 'ग्रेडल युजर होम' हे व्हेरिएबल डी ड्राइव्हवरच्या साध्या रोमन नावाच्या फोल्डरला लावा, कॅशे तिकडे जाईल.

बिल्ड यशस्वी! पण जार मॉड्स फोल्डरमध्ये टाकला तर गेम उचलत नाही.

बिल्ड फोल्डरच्या आत 'लिब्स' बघा. तिथे दोन-तीन जार असतात. ज्याच्या नावात 'सोर्सेस' किंवा 'डेव्ह' आहे तो खेळण्यासाठीचा नाही. सगळ्यात लहान नावाचा घ्या.

इंटेलिजेच्या 'बिल्ड आर्टिफॅक्ट्स'मधून किंवा एक्लिप्सच्या एक्स्पोर्टमधून जार काढला असेल तर तो फेकून द्या. फोर्जमध्ये १.२०.५ च्या आधी आणि फॅब्रिकमध्ये १.२१.११ पर्यंत 'ग्रेडलडब्ल्यू बिल्ड' शेवटी कोडमधली नावं खऱ्या गेमला कळतील अशी बदलून देतं. ती पायरी चुकली की 'रन क्लायंट'मध्ये, म्हणजे प्रोजेक्टमधूनच चालवलेल्या गेममध्ये, मॉड उत्तम चालतो आणि खऱ्या गेममध्ये 'नो सच मेथड एरर' देऊन पडतो.

तरीही नाही? जार झिपसारखा उघडता येतो. उघडा आणि आत बघा: तुमच्या पॅकेजची फोल्डरं, असेट्स, डेटा, मॉडची ओळख सांगणारी फाइल. यांतलं जे नसेल तिथे तुमची चूक आहे.

आमचा सगळा प्रोजेक्ट गिटहबवर टाकला तर चालेल का?

तुम्ही लिहिलेला कोड आणि काढलेली चित्रं जरूर टाका. डीकंपाइल केलेला गेमचा कोड किंवा गेमचा जार टाकायचा नाही, मोजँगच्या परवान्यात त्याला मनाई आहे. गिटइग्नोरमध्ये बिल्ड, रन आणि डॉट ग्रेडल असू द्या. ग्रेडलडब्ल्यू आणि 'ग्रेडल' फोल्डरमधला रॅपर मात्र टाकायला विसरू नका. रॅपरचा जार वगळला गेला की दुसऱ्याने उतरवलेला प्रोजेक्ट सुरूच होत नाही.

मदत मागताना काय पाठवू?

फोनने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमकी हवी ती ओळ कापलेली असते. गेमची आवृत्ती, लोडर, ग्रेडलडब्ल्यूच्या व्हर्जन कमांडचं उत्तर, पहिल्या एररपासूनचा पूर्ण मजकूर आणि एसआरसी फोल्डरची रचना पाठवा. रचनेसाठी विंडोजमध्ये 'ट्री' कमांड आहे, तिला स्लॅश एफ जोडला की फाइलीही दिसतात. ते आउटपुट बघता बघता बऱ्याच मुलांना आपली चूक आपणच सापडलेली मी पाहिली आहे.

माझ्या पीसीला ४ जीबी रॅम आहे. जमेल का?

जमतं, पण थोडं जुळवून घ्यावं लागतं. इंटेलिजे, ग्रेडल आणि गेम तिन्ही एकदम उघडले तर पीसी गोठेल. कोड हलक्या एडिटरमध्ये लिहा, तो बंद करा, मग टर्मिनलमधून 'रन क्लायंट' चालवा. ग्रेडल डॉट प्रॉपर्टीजमध्ये ग्रेडलला किती मेमरी द्यायची ती ओळ असते. फोर्जच्या एमडीकेमध्ये ती ३ जीबी असते. ती २ वर आणून बघा, पण पहिला सेटअप मात्र जास्त रॅमच्या मशीनवर केलेला बरा, गेम डीकंपाइल होताना मेमरी लागते. आमच्याकडे पंचवटीतून येणारी एक मुलगी वर्षभर अशाच पीसीवर काम करत होती. द्राक्षमळ्यातल्या छाटणीचा सगळा कोड तिचा आहे.